कावळ्यापासून कपापर्यंत

आपल्या आज्या म्हणायच्या, 'कावळा शिवला.' आई म्हणायची, 'बाजूला आहे.' आपण म्हणतो, 'प्रॉब्लेम आहे' किंवा 'डेट आली.' शब्द बदलले, पण आवाज मात्र अजून खालचाच! मेडिकलच्या दुकानात गिऱ्हाईक कमी व्हायची वाट बघायची, मग हळूच पाकीट मागायचं, आणि दुकानदाराने ते वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून द्यायचं. जणू काही चोरीचाच माल.

आता या काळ्या पिशवीच्या पुढची वस्तू घरात येऊ लागली आहे. मासिक पाळीचा कप. कॉलेजात जाणाऱ्या मुली त्याबद्दल बोलतात, मोबाइलवर त्याच्या जाहिराती दिसतात. आमच्या कोपरमध्ये बचत गटाची बैठक संपली, हिशेबाची वही मिटली, की कोणीतरी हळूच विचारतं, "ताई, तो कप म्हणतात तो खरंच चांगला असतो का हो?" प्रश्न एकीचा असतो, पण कान सगळ्यांचे टवकारलेले असतात. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहावंच.

कप म्हणजे सिलिकॉनचा, दाबला तर वाकणारा, उलट्या घंटेच्या आकाराचा छोटा पेला. खाली धरायला बारीक देठ. घडी घालून तो योनिमार्गात बसवायचा. आत गेल्यावर तो उघडतो आणि कडेने घट्ट बसतो. नॅपकिन रक्त शोषतो, कप ते साठवतो, हा मुख्य फरक. एका कपात साधारण २० ते ३० मिलिलीटर मावतं. बहुतेकींच्या संपूर्ण पाळीत मिळून ३० ते ८० मिलिलीटरच रक्त जातं, हे ऐकून आमच्या गटातल्या बायकांना खरंच वाटेना! भरलेला कप काढायचा, रिकामा करायचा, धुवायचा आणि पुन्हा बसवायचा. चांगल्या प्रतीचा कप नीट सांभाळला तर कित्येक वर्षं टिकतो.

आणि हे काही आजचं फॅड नाही बरं का. लिओना चामर्स नावाच्या अमेरिकन अभिनेत्रीने १९३७ मध्ये रबरी कपाचं पेटंट घेतलं होतं. पुढे दुसऱ्या महायुद्धात रबराची टंचाई झाली आणि तो मागे पडला. सिलिकॉन आल्यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तो पुन्हा जगभर पसरला.

आमच्या कोपरच्या बाईचा दिवस कसा असतो, ते सांगते. स्टेशनात खाली मुख्य मार्गाची लोकल आणि वर वसई-दिवा मार्गाची गाडी. सकाळी आठला डबा भरून ती बाहेर पडते, संध्याकाळी साडेसातला घरी येते. गर्दीत बसायला मिळेल याची खात्री नाही. पाळीत तर पाठीमागे डाग पडला असेल का, हाच घोर. ऑफिसात किंवा दुकानात स्वच्छतागृह असेलच असं नाही. असलं तर पाणी नाही, पाणी असलं तर कडी नाही. मुंबईत २०११ पासून बायकांनी 'राइट टू पी' ही चळवळ चालवली ती उगाच नाही. स्वच्छतागृह नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, आणि एकच नॅपकिन दिवसभर वापरतात. मग मांड्या सोलवटतात, खाज सुटते, लघवीला जळजळ होते.

कप जास्तीत जास्त बारा तास ठेवता येतो. म्हणजे रक्तस्राव मध्यम असेल तर सकाळी घरून बसवून जायचं आणि संध्याकाळी घरी येऊनच काढायचं. अंगावर जास्त जाणाऱ्या बाईला मात्र पहिले दोन दिवस चार-सहा तासांनी तो रिकामा करावा लागेल, हेही स्पष्टच सांगते.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. नॅपकिन डब्यात टाकला की आपला विषय संपतो. सफाई कामगाराचा तिथून सुरू होतो. बहुतेक नॅपकिनमध्ये प्लॅस्टिक असतं, ते कुजत नाही. कल्याणच्या आधारवाडी क्षेपणभूमीचे कचऱ्याचे डोंगर आणि त्यांना लागणाऱ्या आगी आपण वर्षानुवर्षं पाहिल्या. २०१५ मध्ये तर कचऱ्याच्या प्रश्नावरून उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानगी देणं थांबवलं होतं. आधारवाडीला कचरा टाकणं अखेर २०२१ मध्ये बंद झालं. त्या डोंगरात आपल्या काळ्या पिशव्याही होत्याच की!

पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायकांनी २०१३ मध्ये एक धाडस केलं. वापरलेल्या नॅपकिनच्या पिशव्या त्यांनी चक्क उत्पादक कंपन्यांना परत पाठवल्या. आम्ही हे रोज उघड्या हातांनी वेगळं करतो, आता तुम्हीही बघा, असाच त्याचा अर्थ. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत, कंपन्यांनी नॅपकिनसोबत गुंडाळायची पिशवी द्यावी, असं लिहिलं गेलं. आपण कप वापरो वा न वापरो, नॅपकिन नीट कागदात गुंडाळून वर लाल खूण करून वेगळा देणं, एवढं तर आजपासून करू शकतो.

आता पैशांचं. महिन्याला पंधरा नॅपकिन आणि एक सहा रुपयांना धरला, तर महिन्याचे नव्वद, वर्षाचे एक हजार ऐंशी. घरात आई आणि दोन मुली असतील तर सव्वातीन हजारांच्या आसपास. कपाची किंमत साधारण तीनशेपासून हजार रुपयांपर्यंत. म्हणजे वर्षभरातच पैसे वसूल. पण तीनशे रुपये एकदम काढणं प्रत्येकीला जमत नाही. आमच्या गटातून त्यासाठी हप्त्याने पैसे देतो.

खरी अडचण पैशांची नाहीच. ती भीतीची आहे. बायका जे विचारतात, ते जसंच्या तसं सांगते.

"आत हरवला तर?" हरवत नाही. योनिमार्ग वरच्या बाजूला गर्भाशयाच्या मुखाशी संपतो, तिथून पलीकडे कप जाऊच शकत नाही. वर सरकला असेल तर उकिडवं बसून बाळंतपणात देतो तशी हलकी कळ द्यायची, खाली येतो.

"लघवीला गेल्यावर काढायचा का?" नाही. लघवीची वाट वेगळी असते. चाळिशी उलटलेल्या, दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बायकांनाही हे माहीत नसतं. यात त्यांचा काय दोष? आपल्याला कोणी सांगितलंच कुठे?

"लग्न न झालेल्या मुलीने वापरला तर?" हा प्रश्न विचारताना आयांचा चेहराच उतरतो. योनिपटल हा पातळ पडदा खेळताना, सायकल चालवतानाही ताणला जाऊ शकतो, काहींचा जन्मतःच नावापुरता असतो. त्यावरून मुलीचं चारित्र्य ठरत नाही. सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी याचा पाठपुरावा केला, आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये 'कौमार्याची लक्षणं' हा भाग डॉक्टरांच्या अभ्यासक्रमातून काढायचं ठरवलं. डॉक्टरांच्या पुस्तकातून जे गेलं, ते आपल्या डोक्यातून कधी जाणार? मुलीला कप नको वाटत असेल तर मुळीच जबरदस्ती नको. पण नको म्हणायचं कारण 'लोक काय म्हणतील' हे नसावं.

"उकळायचा कशात? सासूबाई स्वयंपाकाच्या भांड्याला हात लावू देणार नाहीत." यासाठी भांडण कशाला! एक छोटं स्टीलचं पातेलं वेगळं ठेवा. पाळी सुरू होण्याआधी आणि संपल्यावर पाच-दहा मिनिटं पाण्यात बुडवून उकळा. कप तळाला लागून करपणार नाही एवढं पाणी हवं. मग कोरडा करून सुती पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकच्या बंद डबीत नको.

वापरायची पद्धत सोपी आहे, पण सवयीची. हात साबणाने धुवा, नखं कापलेली हवीत. कप पाण्याने ओला करा, तेल लावू नका. उकिडवं बसा. या बाबतीत आपला देशी संडासच सोयीचा! तोंडाशी घडी घालून, कमरेकडे थोडा तिरका धरून आत सरकवा, आणि बुडाशी धरून हलकेच फिरवा, म्हणजे पूर्ण उघडतो. काढताना नुसतं देठ ओढायचं नाही. बुडाशी दोन बोटांनी दाबून हवा सुटू द्यायची, मग सावकाश काढायचा. चाळीत सार्वजनिक संडास असेल तर पाण्याची बाटली आत न्या. कप धुताना सुगंधी साबण नको. आणि एकीचा कप दुसरीने वापरायचा नाही, अगदी मायलेकींनीसुद्धा नाही.

पहिल्याच महिन्यात जमेल असं नाही. दोन-तीन पाळ्या सोबत नॅपकिन किंवा कापड ठेवा. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ मध्ये जगभरच्या ४३ अभ्यासांचा आढावा आला होता, त्यात सुमारे ३३०० बायका-मुली होत्या. कप नॅपकिनइतकाच किंवा त्याहून कमी गळतो आणि तो सुरक्षित आहे, असं त्यात दिसलं. वापरून पाहिलेल्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक जणींना पुढेही तोच हवा होता. पण सरावाला वेळ लागतो, हेही त्यात म्हटलं आहे.

काही जणींनी मात्र आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. तांबी बसवलेली असेल, अंग बाहेर येत असेल, नुकतंच बाळंतपण किंवा गर्भपात झाला असेल, अंगावरून पांढरं जाऊन वास किंवा खाज असेल, त्यांनी थांबावं. कप असताना अचानक जोराचा ताप, उलट्या, अंगावर पुरळ, चक्कर असं झालं तर लगेच कप काढून दवाखाना गाठायचा. असा आजार फार क्वचित होतो, पण माहीत असलेला बरा.

वाटप करण्यापूर्वी बोलणं किती गरजेचं आहे, ते केरळकडून शिकावं. २०१८ च्या महापुरात मदत छावण्यांमध्ये वापरलेल्या नॅपकिनचं काय करायचं, हा मोठा प्रश्न झाला. पुढे २०१९ मध्ये आलप्पुळा नगरपालिकेत एचएलएल लाइफकेअर या कंपनीमार्फत पाच हजार कप दिले गेले. कोचीजवळच्या कुंबळंगी गावात आधी प्रशिक्षण झालं, मग वाटप, आणि जानेवारी २०२२ मध्ये ते नॅपकिनमुक्त गाव म्हणून जाहीर झालं.

आपल्याकडे मार्च २०१८ मध्ये 'अस्मिता' योजना आली, जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींसाठी पाच रुपयांत आठ नॅपकिनचं पाकीट ठेवलं गेलं. त्याच वर्षी जुलैमध्ये नॅपकिनवरचा बारा टक्के जीएसटीही गेला. चांगलंच झालं. पण नुसती वस्तू हातात ठेवून भागत नाही. कप तर नाहीच नाही. तो बसवायला आपलंच शरीर आतून कसं आहे ते माहीत असावं लागतं, आणि अडलं तर विचारायला कोणीतरी जवळचं लागतं.

म्हणून मैत्रिणींनो, कप घ्या किंवा घेऊ नका. उन्हात वाळवलेलं स्वच्छ सुती कापडही वाईट नाही. पण पुढच्या हळदीकुंकवाला, भिशीला, बचत गटाच्या बैठकीला हा विषय जरूर काढा. जी वापरते तिने बोलावं, जिला भीती वाटते तिने विचारावं. आणि शेजारच्या खोलीत लेक असेल, तर आवाज खाली आणू नका. तिलाही ऐकू दे.