वाळा, उशीर व खस

जुन्या कागदांत अक्षर लागतें, पण पदार्थ ओळखतां येत नाहीं, हा अनुभव संग्राहकांस नवा नाहीं. 'वाळा' हा शब्द अशांपैकींच होय. मराठींत वाळा म्हणजे मुलाच्या पायांतला दागिना, आणि वाळा म्हणजेच एक सुगंधी मूळ. हिंदुस्थानी वळणाच्या लेखांत या मुळास 'खस' किंवा 'खसखस' म्हणतात. परंतु मराठी वाचक खसखस म्हणतांच अफूच्या बोंडांतील बीं समजतो. संस्कृतांतील 'उशीर' तर आपल्या विलंबवाचक शब्दाशीं अक्षरशः जुळतो. नुसता कोश उघडून हा घोटाळा सुटत नाहीं. वनस्पतीचीं लक्षणें ठाऊक असावीं लागतात. म्हणून तीं येथें देतों.

वाळा हें बहुवर्षायु तृण असून नदीकांठीं व पाणथळ जमिनींत दाट ठोंबांनीं वाढतें. काड्या ताठ, सुमारें ५ ते ६ फूट उंच. पानें लांब, अरुंद व कडांस खरखरीत. फुलोरा बहुधा ६ ते १२ इंच लांब असून त्याच्या बारीक शाखा दांड्याभोंवतीं वलयांनीं निघतात. कणिशकें जोडीनें येतात. एक बिनदेठाचें व उभयलिंगी, दुसरें देठाचें व केवळ नर. बिनदेठाच्या कणिशकावर बारीक कांटे असतात. यावरूनच रेट्झियस यानें १७८३ त यास 'अँड्रोपोगॉन म्यूरिकाटस' हें नांव दिलें, व जुन्या इंग्रजी ग्रंथांत तें वारंवार आढळतें. लिनीअसनें १७७१ त दिलेलें जातिवाचक पद मात्र आजच्या 'क्रायसोपोगॉन झिझानिऑइडीस' या नांवांत टिकलें आहे.

मुख्य लक्षण मुळांत आहे. तीं तंतुमय असून आडवीं न पसरतां सरळ खालीं जातात. अनुकूल जमिनींत १० फुटांहूनही खोल पोंचतात. सुगंध असतो तो मुळांसच, पानांस नाहीं. रोहिस गवत व गवती चहा यांचा वास पानांत असतो. तेव्हां सुगंधी 'पातीचा' उल्लेख असेल तेथें वाळा समजूं नये.

हा भेद प्राचीनांस अवगत होता. अमरकोशांत तृणास 'वीरण' व त्याच्या मुळास 'उशीर' अशीं स्वतंत्र नांवें आहेत. 'लामज्जक' हें मात्र तेथें उशीराच्या पर्यायांत येतें, तर भावप्रकाशांत तें निराळें द्रव्य आहे. अर्थात् वैद्यकाच्या पोथींत लामज्जक दिसतांच वाळा असा अर्थ करणें धोक्याचें होय.

हिशेबी कागदांसाठीं कसोटी अशी: वाळ्याचें वजन मणांत वा शेरांत असेल, नोंद चैत्र-वैशाखांतील असेल, जवळ पडदा, ताटी किंवा पाणी शिंपणाराची मजुरी असेल, तर तें मूळ समजावें, कारण भिजलेल्या मुळांतून वारा आला म्हणजे पाण्याची वाफ होऊन हवा थंड होते. सोनें-रुपें, घडणावळ किंवा जोड यांचा निर्देश असेल तर तो दागिना होय. खसखस मसाल्याच्या यादींत असेल तर तें बीं, ताटीच्या संबंधांत असेल तर मूळ.

यांपैकीं कांहींच खूण नसेल तेथें शब्द मुळांत आहे तसा छापावा आणि अर्थ देण्याचा मोह आवरावा. चुकीची टीप एकदां छापली गेली म्हणजे पुढील अभ्यासक तीसच पुरावा मानतात. कोरी ठेवलेली जागा निदान कोणास फसवीत नाहीं.