भाड्याच्या घरात आरसा लावताना : भिंत मालकाची, जबाबदारी आपली

घर सोडायचा दिवस आठवून बघा. सामान टेम्पोत भरून झालेलं असतं, अम्मी शेवटचा झाडू मारत असतात आणि घरमालक चाव्या घ्यायला येतात. ते हॉल बघतात, स्वयंपाकघर बघतात आणि गुसलखान्याच्या दारात थबकतात. जिथं आरसा होता तिथं टाइलला तडा गेलाय, चार भोकं आहेत, वरच्या रंगाचे पोपडे निघालेत. मग डिपॉझिटमधून किती कापायचे यावर बोलणं सुरू होतं आणि तीन-चार वर्षांचा चांगला संबंध पाच मिनिटांत कडू होतो.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. नोकरी, व्यापार आणि मुलांचं शिक्षण यासाठी सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत भागातल्या खेड्यांतून शहरात येऊन भाड्याने राहणारी कुटुंबं आपल्यात बरीच आहेत. आपल्या लोकांना घर मिळवताना काय काय ऐकावं लागतं, हे वेगळं सांगायला नको. एकाने खराब करून सोडलेली भिंत मालक विसरत नाही. त्याची किंमत पुढच्या कुटुंबाला मोजावी लागते. हे न्यायाचं नाही, पण घडतं. म्हणून आरशासारख्या लहान गोष्टीवर आज जरा सविस्तर बोलूया.

भिंत म्हणजे अमानत

फिक्हमध्ये भाड्याने घेतलेली वस्तू भाडेकरूच्या हातातली अमानत मानली जाते. रोजच्या वापराने होणारी झीज त्याच्या माथी येत नाही. मात्र हयगयीने किंवा मर्यादा ओलांडून केलेलं नुकसान त्याला भरून द्यावं लागतं. सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत अमानत ज्याची त्याला सुपूर्द करण्याचा हुकूम आहे, हे आपण सगळे ऐकत आलो आहोत. घराची चावी परत करणं हाही त्यातलाच भाग आहे.

देशाचा कायदाही जवळपास तेच सांगतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार भाडेकरूने जागा जशी घेतली तशी परत करायची असते. वापराने होणारी वाजवी झीज त्यातून वगळली आहे. भिंतीचा रंग वर्षांनुवर्षं फिका पडला तर ती झीज. खिळा ठोकताना टाइल फुटली तर ते नुकसान. दोन्हींतला फरक ध्यानात ठेवला की निम्मे वाद मिटतात.

आधी विचारा, मग लावा

भोक पाडायचं नसलं तरी मालकाला एकदा विचारा. "चाचा, बेसिनवर आरसा लावायचा आहे. भोक न पाडता चिकट हुकावर लावू का? की तुमचा आधीचा खिळा कुठं आहे?" एवढंच. यात कमीपणा काहीच नाही, उलट फायदा आहे. पाण्याचा पाइप भिंतीतून कुठून गेलाय, गिझरची वायर कुठं आहे, कोणती टाइल आधीपासून हलते, हे मालकालाच माहीत असतं. कित्येकदा तो स्वतःच म्हणतो, "थांबा, मीच मिस्त्री पाठवतो."

परवानगी तोंडी मिळाली तरी फोनवर एक मेसेज टाकून ठेवा. सूरह बकराहच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. लिहून ठेवणं म्हणजे अविश्वास नव्हे. पुढे दोघांची आठवण वेगवेगळी निघू नये म्हणून ती सोय आहे.

जागा कोणती निवडावी?

बेसिन गुसलखान्याच्या बाहेर, पॅसेजमध्ये असेल तर आरसा तिथंच लावा. आत गरम पाण्याची वाफ असते. ती आरशाच्या कडेतून मागे शिरते आणि कडा काळ्या पडतात. चिकट हुकाची पकडही ओलीने सैल होते. शिवाय आरशात बघतानाची दुआ आपण मुलांना शिकवतो आणि शौचालयाच्या जागी ती म्हणत नाहीत. वुजू करायच्या बेसिनवर आरसा असला की तीही सोय होते.

आरशाचं वजन आधी काढा

बहुतेक आरसे पडतात ते वजनाचा अंदाज चुकल्यामुळे. हिशोब सोपा आहे. ४ मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच साधारण १० किलो भरते. म्हणजे ३० बाय ४५ सेंटिमीटरचा आरसा सुमारे १.३५ किलो आणि ४५ बाय ६० चा सुमारे २.७ किलो. लाकडी किंवा लोखंडी चौकटीचं वजन वेगळं. भाड्याच्या घरात लहान आणि हलका आरसा बरा. घरात लहान मुलं असतील तर अ‍ॅक्रिलिकचा आरसा घ्या; तो काचेपेक्षा निम्म्याने हलका असतो आणि पडला तरी त्याच्या काचा होत नाहीत. त्यावर ओरखडे मात्र लवकर पडतात, म्हणून मऊ कापडानेच पुसावा.

भिंत कशी आहे, त्यावर उपाय ठरतो

१) गुळगुळीत टाइल्स असतील तर : इथं चिकट हुक चालतात. पण आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं. टाइलवर क्षारांचा पांढरा थर बसलेला असतो आणि हुक टाइलऐवजी त्या थराला चिकटतो. मग थरासकट खाली येतो. म्हणून आधी लिंबू किंवा व्हिनेगरने थर काढा, साबणाने धुवा, कोरडं करा आणि शेवटी स्पिरिटचा बोळा फिरवा. टाइल्स साफ करायचं अ‍ॅसिड वापरू नका, त्याने टाइल्सचे सांधे खराब होतात.

हुक दाबून बसवल्यावर २४ तास त्यावर काही टांगू नका. पाकिटावर जेवढं वजन लिहिलेलं असतं त्याच्या निम्मंच धरून चाला आणि एका हुकाऐवजी दोन लावा. नंतर थेट आरसा न अडकवता आरशापेक्षा थोड्या जास्त वजनाच्या पाण्याच्या बाटल्या पिशवीत घालून दोन दिवस टांगा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे मोजायला तराजूही लागत नाही. बाटल्या पडल्या तर पाणी सांडेल. आरसा पडला तर काचा होतील आणि पायात मुलांच्या जातील. मे महिन्यातल्या आपल्या उन्हाळ्यात तापलेल्या भिंतीवरचा गोंद मऊ पडतो, तेव्हा हुक पुन्हा एकदा तपासा.

२) खाली टाइल्स, वर रंग असेल तर : जुन्या बांधकामात टाइल्स छातीएवढ्या उंचीवर संपतात आणि वर डिस्टेंपर किंवा चुना असतो. त्या रंगावर डबल टेप अजिबात लावू नका. टेप रंगाला चिकटतो, पण रंग भिंतीला तेवढा घट्ट नसतो. काढायला गेलं की तळहाताएवढा पोपडा हातात येतो. अशा ठिकाणी वर आधीचा खिळा असेल तर त्याला तार किंवा मजबूत दोरी बांधून आरसा खाली टाइल्ससमोर लोंबता ठेवावा. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे छोटे तुकडे लावले की तो हलत नाही आणि भिंतीला घासत नाही.

३) जुनी मातीची किंवा दगडी भिंत असेल तर : तिथं नवा खिळा ठोकलात की माती सुटते आणि भोक मोठं होत जातं. अशा घरांत कोनाडा किंवा खुंटी असतेच. आरसा कोनाड्यात मागे टेकवून ठेवा, पुढे सरकू नये म्हणून खाली रबराची पट्टी ठेवा.

४) भिंतीला हातच लावायचा नसेल तर : टॉवेलच्या दांडीला किंवा खिडकीच्या गजाला इंग्रजी एस आकाराचे हुक लावून हलका आरसा टांगता येतो. दाराच्या वरच्या कडेवर अडकवायचे हुकही मिळतात. मात्र दार आपटलं जात असेल तर तिथं काचेचा आरसा नको.

हवेच्या दाबावर चिकटणाऱ्या रबरी वाट्यांवर काचेचा आरसा टांगू नका. त्यांच्या आत हळूहळू हवा शिरते आणि त्या रात्री-बेरात्री खाली येतात. तसंच आरशाच्या पाठीला सिलिकॉन लावून तो भिंतीवर कायमचा बसवू नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आरशाच्या मागचा थर खातं, आणि घर सोडताना आरसा फोडल्याशिवाय निघत नाही.

भोक पाडणं भागच असेल तर

मोठा आरसा किंवा आरशाचं कपाट लावायचं असेल तर ड्रिल लागेलच. तेव्हा मालकाची परवानगी घेऊनच पुढे जा आणि शक्यतो मिस्त्रीकडून काम करून घ्या. टाइलवर बोटाने टकटक करून बघा. आवाज पोकळ आला तर मागे सिमेंट भरलेलं नाही, ती टाइल ड्रिलने तडकणारच. भोक टाइलमध्ये पाडण्यापेक्षा वरच्या प्लास्टरमध्ये पाडलेलं चांगलं, कारण प्लास्टरचं भोक बुजवता येतं, फुटलेल्या टाइलच्या जोडीची टाइल दहा वर्षांनी बाजारात मिळत नाही. नळाच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल लावू नका. पाइप बहुतेक तिथूनच गेलेला असतो. स्विच आणि गिझरच्या आजूबाजूलाही तेच. हातोड्याने टाइलवर खिळा तर कधीच ठोकू नका. तड्यातून पाणी मागे झिरपतं, पलीकडच्या खोलीच्या भिंतीला ओल येते, प्लास्टर फुगतं. मालक चिडतो तो भोकापेक्षा या ओलीमुळे.

काढताना घाई नको

लावण्यापेक्षा काढताना जास्त नुकसान होतं, कारण ते सामान भरायच्या गडबडीत होतं. आरसा दोन दिवस आधीच काढा. ओढून काढायची पट्टी असलेला हुक असेल तर पट्टी भिंतीला समांतर, सरळ खाली ओढायची; स्वतःकडे ओढायची नाही. टाइलवर डबल टेप असेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं त्यावर थोडा वेळ धरा, मग मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा फिरवत न्या. उरलेला गोंद खोबरेल तेलाने चोळून निघतो, नंतर साबणाने धुवा. रंगाच्या भिंतीवर मात्र तेल लावू नका, डाग पडतो. परवानगीने पाडलेलं भोक व्हाइट सिमेंटने किंवा पुट्टीने भरा, वाळू द्या, कागदाने घासून सपाट करा.

कागदपत्रांचंही बघा

घरात राहायला जाल त्या दिवशी सामान लावायच्या आधी प्रत्येक भिंतीचे, टाइल्सचे, नळांचे फोटो काढून मालकाला पाठवा. आधीचा तडा आपल्या नावावर येणार नाही. सोडतानाही तसेच फोटो काढा.

"अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणीची गरज नाही," असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. तसा करार नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर ते खोटं सिद्ध होत नाही. पण हे हत्यार म्हणून वापरण्यापेक्षा करारातच एक ओळ लिहून घेतलेली बरी : खिळे, हुक, आरसा, पडद्याच्या दांड्या यांची परवानगी आहे का, आणि सोडताना भोकं कुणी बुजवायची.

आरशात बघतानाच्या त्या दुआत आपण अल्लाहकडे काय मागतो? सूरत चांगली दिलीस, तशी सीरतही चांगली कर. आपली सूरत घरमालक रोजच बघतो. आपण घर सोडून गेल्यावर मात्र त्याच्यासमोर उरते ती भिंत. ती स्वच्छ असली तर पुढच्या वेळी आपल्यातलंच एखादं कुटुंब खोली विचारायला गेलं की दार उघडायला तो इन्शाअल्लाह फार विचार करणार नाही.