अपक्ष बाईची यादी

निवडणुकीचा जाहीरनामा तुम्ही कधी शेवटपर्यंत वाचलाय का हो? मी वाचते. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यामुळे हातात आलेला कागद तपासल्याशिवाय खाली ठेवायचा नाही, ही खोडच लागलीय. गुळगुळीत कागद, हात जोडलेला फोटो आणि खाली ‘सर्वांगीण विकास’. सगळ्या उमेदवारांच्या कागदांवर हाच मजकूर. फोटो झाकला तर कागद कुणाचा हे ओळखता येणार नाही.

म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी जाहीरनामा लिहून घ्यायला घरी आल्या, तेव्हा मला जरा गंमतच वाटली. दोघी एकाच वर्गातल्या. एकीला जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात दिलीय, दुसरी पश्चिम आंबेगावच्या डोंगरातली. एकीला जिल्हा परिषदेच्या गटातून उभं राहायचं होतं, दुसरीला पंचायत समितीच्या गणातून. दोघीही अपक्ष. नावं लिहू नका म्हणाल्या, म्हणून लिहीत नाही. आपण त्यांना उसातली आणि डोंगरातली म्हणू.

त्यांची घाई मला समजत होती. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. शाळेचं छप्पर गळतंय, उपकेंद्रात नर्स नाही, हे सांगायचं कुणाला? पूर्वी निदान सदस्याचं दार तरी माहीत होतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्यायचा आदेश दिला आणि गावोगाव पुन्हा हालचाल सुरू झाली.

“बाई, पहिला मुद्दा बिबट्याचा घ्या,” उसातली म्हणाली. “लिहा, बिबटमुक्त तालुका.”

“कसा करणार मुक्त?”

“वन खातं करील की.”

“मग मतं वन खात्याला द्यायची का तुला?”

ती हसली, पण तिच्या डोळ्यांत हसू नव्हतं. कसं असणार? शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात त्याच ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन आठवड्यांच्या आत बिबट्यानं तीन जीव घेतले होते. एक पाच वर्षांची मुलगी, एक वयोवृद्ध आजी आणि एक तेरा वर्षांचा मुलगा. लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक रस्ता अडवला. शेवटी वन खात्यानं एक बिबट्या गोळी घालून मारला. त्या दिवसांत खिळे लावलेले पट्टे गळ्यात बांधून खुरपायला जाणाऱ्या बायकांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. ज्या गळ्यात काळी पोत असायची, त्या गळ्यात खिळे!

भीती खरीच आहे. पण जाहीरनाम्यात लिहायचं ते करता येईल असं हवं ना? बिबट्या पकडायचा की नाही, हे जिल्हा परिषदेच्या सदस्याच्या हातात नसतं. ते काम वन खात्याचं. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर असे चार तालुके येतात. पकडलेले बिबटे ठेवायला जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र आहे. एका ठिकाणी पकडून दुसऱ्या ठिकाणी सोडलं की त्रास मिटतो असंही नाही. विद्या अत्रेय यांनी याच भागात अभ्यास करून दाखवलं की, असे बिबटे सोडलेल्या जागेच्या आसपास माणसांवरचे हल्ले उलट वाढले. मादी उसातच वितेय, पिल्लांना ऊस हेच घर झालंय. ऊस काही कुणी उपटून टाकणार नाही.

मी वहीचं एक पान घेतलं आणि मधोमध उभी रेघ मारली. डाव्या बाजूला लिहिलं ‘आपल्या हातातलं’, उजव्या बाजूला ‘मागायचं’. म्हटलं, आता बिबट्या कुठं लिहायचा ते तूच सांग.

बराच वेळ विचार करून ती बोलायला लागली. “बाई, आमच्या वस्तीवर संडास हायेत, पण पाणी न्हाई. बाया पहाटं उसाच्या कडंला जात्यात. अंगणवाडीला भिंत न्हाई, मागं लगेच ऊस. पोरं शाळंला दोन किलोमीटर चालत येत्यात, हिवाळ्यात शाळा सुटून घरी पोचंस्तवर अंधारून येतं.”

बघा, इथं उमेदवार सापडली! संडासाला पाणी, अंगणवाडीला आणि शाळेला कुंपणभिंत, हे जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत मिळून करू शकतात. वस्तीवरचा दिवा ग्रामपंचायत लावू शकते. शाळेची वेळ थंडीत अलीकडे घ्यायची, पोरांनी घोळक्यानं जायचं, सोबत एक मोठं माणूस, याला तर पैसासुद्धा लागत नाही. हे सगळं डाव्या बाजूला गेलं. पिंजरे, गस्त, भरपाई वेळेवर मिळणं, हे उजवीकडे. शेतीची वीज दिवसा मिळणंही उजवीकडेच, कारण ती महावितरणची. सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला, तो दिवसा वीज देण्यासाठीच. पण रात्रीची पाळी आली की नवरा मोटार सुरू करायला जातो आणि बायको बॅटरी धरून मागं उभी राहते. बिबट्याच्या भीतीचं निम्मं मूळ या रात्रपाळीत आहे, हे या बाईला कुणी शिकवायची गरज नाही.

आता डोंगरातलीची पाळी. ती आधीपासूनच गप्प होती. “माझी यादी लहान हाये बाई. पाणी, पाऊस आन् हिरडा.”

कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे जुन्नरमध्ये, डिंभे आंबेगावात. हे पाणी खाली शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि थेट सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जातं. जाऊ दे, तिकडंही माणसंच आहेत. पण ज्यांची गावं आणि भातखाचरं डिंभ्याच्या पाण्याखाली गेली, त्यांच्याच वरच्या वाड्यांमधल्या बायका उन्हाळ्यात हंडा घेऊन झऱ्याशी बसतात. धरण खाली आणि वाडी वर. जुन्नरच्या दुसऱ्या टोकाला आणे पठारावरही तेच. तालुक्यात कुकडीची चार धरणं, आणि पठार कोरडं.

धरणाचं पाणी कुणाला किती, हे जलसंपदा खातं ठरवतं, म्हणून ते उजवीकडे गेलं. पण गावाची नळयोजना जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येते. २०१९ पासून ‘हर घर जल’ म्हणून नळ बसवायचं काम निघालं. “नळ बसलाय बाई, पानी कवातरी येतं,” ती म्हणाली. म्हणून तिच्या यादीत पहिली ओळ अशी लिहिली : नवीन योजना नको, आहे त्या योजनेचा उद्भव मे महिन्यात आटतो की नाही ते आधी तपासा, झरे बांधून घ्या आणि मगच बिलं काढा. भाषणात टाळ्या घेणारी ओळ नाही ही, पण हंडा वाहणाऱ्या बाईला लगेच कळते.

मग पाऊस. माळीण विसरलेलं माणूस आमच्याकडे नाही. ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली. आमडे इथं नवी माळीण उभी राहून २०१७ मध्ये लोक तिथं राहायला गेले. पण तसल्याच उतारांवर अजून कितीतरी वाड्या आहेत. जुलै लागला की रात्री झोप लागत नाही, असं तिथल्या बायका सांगतात. डोंगर कुणाच्या हातात नसतो. पण कुठल्या घरांना धोका आहे त्याची यादी ग्रामसभेत वाचणं, मोठ्या पावसाच्या रात्री कुठल्या शाळेत झोपायला जायचं ते जूनमध्येच ठरवणं, दिवस भरत आलेल्या बाईला रस्ता बंद व्हायच्या आधी खाली आणणं आणि उपकेंद्रात पावसाळाभर नर्स मुक्कामी असेल असं पाहणं, हे हातात असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेकडेच असतात ना!

हिरडा मी आपसूक उजवीकडे लिहायला गेले, तर तिनं हात धरला. “न्हाई बाई. त्यो निम्मा आपल्या हातात हाये.” आणि तिचं बरोबर होतं. जुन्नर-आंबेगावचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथं १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, महाराष्ट्रानं त्याचे नियम २०१४ मध्ये केले. त्यानुसार गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क. हमीभाव आणि सरकारी खरेदी मागावी लागते, ती उजवीकडे. पण गावानं माल एकत्र करायचा, गावातच वजन करायचं, व्यापाऱ्याला एकेकटीनं गाठू द्यायचं नाही, हे डावीकडे. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याचं नुकसान झालं, आणि भरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. मागायचं म्हणजे किती दिवस मागायचं असतं, हे ती माझ्यापेक्षा जास्त जाणत होती.

तुम्ही म्हणाल, याद्या छान आहेत, पण अपक्षाला विचारतो कोण? आमच्याकडे विचारतात हं. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत जुन्नरनं शरद सोनवणे यांना अपक्ष म्हणून निवडून दिलं. डिसेंबर २०२५ मध्ये ते नागपूरच्या अधिवेशनाला बिबट्याचा वेश घालून गेले. कुणी हसलं, कुणी नाकं मुरडली, पण आमचा बिबट्या विधानभवनाच्या दारात पोचला. त्याआधी २०१९ मध्ये आशाताई बुचके यांनी जुन्नरमधूनच अपक्ष लढून ५० हजारांच्या आसपास मतं घेतली होती. त्या निवडून आल्या नाहीत, पण अपक्ष बाईला मत म्हणजे वाया गेलेलं मत, असं म्हणायची सोय त्यांनी ठेवली नाही.

तरी ही वाट सोपी नाही. पक्षाच्या उमेदवाराचं चिन्ह लोकांना पाठ असतं. अपक्षाला चिन्ह मिळतं अर्ज मागं घ्यायची मुदत संपल्यावर, आणि मग थोड्याच दिवसांत ते वाडीवस्तीवर पोचवायचं. प्रचाराच्या गाड्या नाहीत, जेवणावळी नाहीत. आणि घरातलं वेगळंच. उसातलीच्या सासऱ्यांचं म्हणणं होतं, ऊस वेळेवर तुटायचा तर सगळ्यांशी गोड राहावं लागतं. नवरा म्हणाला, एखाद्या पक्षाचं तिकीट मिळत असेल तर उभी राहा, नाहीतर कशाला वाकडेपणा घेतेस? ती म्हणाली, “बाई, तिकीट घेतलं की यादी त्यांची. माझी भिंत आन् माझा दिवा कोन ल्हिनार त्यात?”

शेवटी तिनं अर्ज भरला नाही. घर मोडून निवडणूक लढवायची नाही म्हणाली, आणि मी तिला दोष देणार नाही. पण ते पान ती घेऊन गेली. डावी बाजू तिनं वस्तीवरच्या बायकांकडून पुन्हा लिहून घेतली आणि महिला सभेत ठेवली. नेहमीच्या ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, असं आपल्या राज्याचा कायदा सांगतो. किती गावांत ती खरोखर भरते आणि किती गावांत नुसत्या सह्या फिरतात, ते तुम्ही जाणताच. त्या दिवशी मात्र तिच्या गावात भरली. सभेत तिनं एकच विचारलं : ग्रामपंचायतीनं उत्पन्नाचे १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्चायचे असतात, ते कुठं खर्चले? ग्रामसेवकानं रजिस्टर मागवलं. अंगणवाडीच्या भिंतीचा ठराव त्याच सभेत झाला. ठराव म्हणजे भिंत नव्हे, हे तिलाही कळतं. पण आता विचारायला कागद आहे.

डोंगरातलीनं अर्ज भरला. घरोघरी जाताना तिच्या हातात गुळगुळीत पत्रक नव्हतं, झेरॉक्स केलेलं ते वहीचं पान होतं. बायका आधी उजवी बाजू वाचायच्या म्हणे, आणि म्हणायच्या, “ही बाई जे हुनार न्हाई ते पन सांगती!”

मला वाटतं, अपक्ष बाईचं खरं भांडवल हेच. तिच्या मागं पक्ष नाही, म्हणून तिला खोटं बोलायची गरजही नाही. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा आपल्या आहेत. १९८९ च्या सुमारास जळगावकडच्या विटनेरमध्ये शेतकरी संघटनेच्या बायकांनी सगळं पॅनल बायकांचं निवडून आणलं, आणि पुढं त्या गावात घरच्या जमिनी बायकांच्या नावावर लागल्या. तेव्हा तर निम्म्या जागांचा कायदाही नव्हता. आणि काही गोष्टींना सदस्यपदही लागत नाही. गावातलं दारूचं दुकान नको असेल तर गावातल्या २५ टक्के बाया मतदारांनी सह्या देऊन मतदान मागता येतं, आणि निम्म्याहून जास्त बायांनी ‘आडवी बाटली’ केली की दुकान बंद होतं. ही ओळ कुठल्याही यादीत डावीकडेच लिहायची.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कुणी हात जोडून दारात आलं, की चहा जरूर द्या. पण कागद हातात घेऊन मधोमध एक रेघ मारा आणि विचारा, “यातलं तुमच्या हातातलं कुठलं, आणि तुम्ही आमच्यासाठी मागणार कुठलं?” उमेदवार पक्षाचा असो की अपक्ष, बाई असो की बाप्या, उत्तर देताना अडखळला तर समजून जा. आणि तुमच्यातल्याच कुणाला उभं राहावंसं वाटलं, तर मला विचाराल ना? वहीची पानं अजून खूप शिल्लक आहेत.