माणसाची उत्क्रांती कुठे निघाली आहे?

दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. तो शिकवताना एक प्रश्न हमखास येतो: "सर, माकडाचा माणूस झाला, मग माणसाचं पुढे काय होणार?" प्रश्न छानच आहे. पण त्यात आपण एक गोष्ट न तपासता धरून चाललोय, ती म्हणजे उत्क्रांती कुठेतरी पोहोचायला निघाली आहे.

ही समजूत पसरवण्यात एका चित्राचा मोठा हात आहे. वाकलेल्या वानरापासून ताठ चालणाऱ्या माणसापर्यंतची ती रांग तुम्ही टी-शर्टवरही पाहिली असेल. रुडॉल्फ झालिंगर या चित्रकाराने ती १९६५ च्या 'अर्ली मॅन' या पुस्तकासाठी काढली. रांग म्हटली की शेवटचा तो पुढारलेला, बाकीचे मागास, असं आपोआप वाटतं. (माणसामाणसांतही अशा रांगा लावून झाल्या आहेत!) खरं तर हे झुडूप आहे. चिंपांझी आपला आजोबा नाही, चुलतभाऊ आहे.

"पण मेंदू तर वाढतच गेला ना?" आपल्या फांदीवर वाढला, हे खरं. आता इंडोनेशियातलं फ्लोरेस बेट बघा. तिथल्या लिआंग बुआ गुहेत २००३ साली एका निराळ्या मानवजातीचा सांगाडा सापडला. उंची जेमतेम साडेतीन फूट, मेंदू साधारण ४०० घनसेंटिमीटर, म्हणजे जवळपास चिंपांझीएवढाच! तरी त्या गुहेत दगडी हत्यारंही मिळाली. अनेक शास्त्रज्ञांच्या मते यांचे पूर्वज अंगाने मोठे होते आणि बेटावर पिढ्यानपिढ्या लहान होत गेले. मेंदू हा तसा खर्चिक अवयव. वजन शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जा खातो २० टक्के. जिथे अन्न मोजकं, तिथे तो परवडायला नको का? आणि निअँडरथलचा मेंदू तर आपल्याएवढाच मोठा होता, तरी सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी तो नाहीसा झाला.

मग निवड होते तरी कशाची? जनुकात बदल होतात ते गरज ओळखून नव्हे. त्यातले जे आज, इथे उपयोगी पडतात ते पुढच्या पिढीत जास्त उतरतात. आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल हे याचं जवळचं उदाहरण. या जनुकाची एकच प्रत आई किंवा वडिलांकडून आली, तर गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. दोघांकडून आली तर मात्र आजार होतो. आता हा जनुक चांगला म्हणायचा की वाईट? ज्या भागात मलेरिया फार, तिथे तो टिकला. यात कुणाचं रक्त 'खराब' असण्याचा प्रश्नच येत नाही, बरं का. मलेरिया हटला की त्याचा फायदा संपतो, आजार तेवढा उरतो. म्हणूनच त्या भागांत लग्नाआधी रक्त तपासून घ्या असं डॉक्टर सांगतात.