तपकिरी कागदाने वाचवलेले खिळे

ऐका पोरांनो, १७६१ सालची गोष्ट. ब्रिटिश नौदलाचं ‘अलार्म’ नावाचं लाकडी लढाऊ जहाज होतं. समुद्रातला किडा जहाजांचं लाकूड पोखरून त्याची पार चाळण करायचा, म्हणून याच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले आणि त्याला वेस्ट इंडीजला धाडलं. परत आल्यावर तपासलं तर किड्याचा मागमूस नाही, पण पत्रे जागोजागी सुटलेले! ते धरून ठेवणारे लोखंडी खिळेच गंजून कुजले होते. काही खिळे मात्र बरे होते. गोदीत पत्रे आले होते तपकिरी कागदात गुंडाळून. तो कागद सगळीकडून काढलाच नव्हता. जिथे तो खिळ्याखाली अडकून राहिला, तिथे लोखंड तांब्याला टेकलं नाही आणि वाचलं.

टेकल्याने एवढं काय होतं? दोन वेगळे धातू एकमेकांना भिडले आणि दोघांवर एकच खारं पाणी असलं, की तिथे आपोआप बॅटरी तयार होते. इलेक्ट्रॉन सोडायची ज्याला जास्त घाई, तो धातू झिजत जातो. दुसरा सुखरूप राहतो.

आता आजच्या शिडाच्या बोटी घ्या. त्यांची डोलकाठी बहुधा ॲल्युमिनियमची. हा धातू इलेक्ट्रॉन सोडायला लोखंडापेक्षाही उतावळा. मग तो विरघळून का जात नाही? कारण हवा लागताच तो स्वतःवर ऑक्साइडची साय धरतो, केसाच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. ओरखडा काढलात तरी क्षणात नवी साय! मला विचाराल तर धातूंच्या दुनियेत याहून सुंदर करामत नाही.

पण मिठाच्या पाण्यापुढे ही साय फाटते. डोलकाठीवर कप्पी नाहीतर खुंटा बसवायचा तर स्क्रू लागतात स्टेनलेस स्टीलचे, आणि इथे स्टील तांब्याची जागा घेतं. स्क्रू चकचकीत राहतो, भोवतालची डोलकाठी खाल्ली जाते. आधी रंगाला फोड येतो. तो फोडला की आत पांढरी भुकटी. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, म्हणून स्क्रू आट्यांमध्ये असा आवळला जातो की फिरवताना त्याचं डोकंच तुटतं.

यावर उपाय तोच, मधे काहीतरी घालायचं. मात्र कागद नको, तो पाणी पितो. जाणकार कारागीर फिटिंगखाली प्लास्टिकचा पातळ तुकडा ठेवतो, स्क्रूच्या डोक्याखाली नायलॉनचा वायसर घालतो आणि आट्यांना टेफ्लॉनची पेस्ट किंवा लॅनोलिन चोपडतो. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. पावसात मेंढीला जी उपयोगी पडते, तीच इथे खारं पाणी बाहेर ठेवते.

तुम्ही विचाराल, बोटीच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात, तसे डोलकाठीला का नाही? ती युक्ती रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची, १८२४ सालची. तांब्याला जस्त किंवा लोखंड जोडलं की ते आधी झिजतं आणि तांबं वाचतं. युक्ती इतकी लागू पडली की तांबं विरघळेना, आणि त्याच्या विषाने दूर राहणारे शिंपले खुशाल तळाला चिकटू लागले! पण जस्ताला धातूइतकीच पाण्याची सलग वाट लागते. डोलकाठी असते हवेत, तिच्यावर नुसते तुषार उडतात. वीतभर लांबच्या स्क्रूपर्यंतही जस्ताचा हात पोचत नाही. म्हणून तिथे प्रत्येक स्क्रू वेगळा काढून, पुसून, चोपडून बसवावा लागतो.