आंजर्ल्याचा सडा व कागदांतील वृक्षसाक्ष

जुने कागद वाचतांना व्यक्ति, मिति व वतनें यांकडे जितकें लक्ष जातें तितकें झाडांच्या नांवांकडे जात नाहीं. वास्तविक चतुःसीमेंत हद्दीची खूण म्हणून नोंदलेलें झाड हाहि एक साक्षीदारच होय. त्याची साक्ष कशी घ्यावी, हें आंजर्ल्याच्या भूमीवरून दाखवितों.

दापोली तालुक्यांतील आंजर्लें जोग नदीच्या मुखाशीं असून वर कड्यावरच्या गणपतीचें देवालय आहे. अशा गांवाची जमीन स्थूलमानानें तीन प्रकारची: खालीं आगरें व भातखाचरें, उतारावर वरकस, माथ्यावर जांभ्याचा सडा. वरच्या दोहोंवर झाडें विरळच; परंतु कारणें भिन्न. सड्यावर माती अत्यल्प. पावसाळ्यांत गवत, उन्हाळ्यांत उघडा कातळ. हा उघडेपणा निसर्गाचा. वरकसावर राबाच्या भाजावळीसाठीं ऐन, किंजळ यांच्या फांद्या वर्षानुवर्षें तोडल्या जात. तेथील विरळ रान मनुष्यकृत होय. सबब कागदांतील ‘कातळ’ व ‘वरकस’ हे शब्द ‘ओसाड’ या एकाच अर्थानें वाचूं नयेत.

सड्याच्या प्राचीनत्वास राजापूर तालुक्यांतील कशेळी व बारसू येथील कातळशिल्पें साक्ष आहेत. २०२२ सालीं युनेस्कोच्या संभाव्य यादींत कोकणांतील कातळशिल्पांचा समावेश झाला. खोदणारांस निदान त्या जागीं कातळ उघडाच मिळाला होता. देशाविषयीं आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनीं २०२५ सालीं जुन्या मराठी वाङ्मयांतून ४४ रानवनस्पतींचे उल्लेख प्रसिद्ध केले. पैकीं २७ माळरानाच्या निदर्शक निघाल्या. अर्थात् देशावरचे माळ म्हणजे अलीकडे तुटलेलीं अरण्यें, हें मत सरसकट टिकत नाहीं.

झाडावरून कागदाचीहि परीक्षा होते. काजू पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ब्राझीलहून आणला. त्यापूर्वीची मिति घातलेल्या पत्रांत हद्दीवर काजू आढळल्यास तें पत्र संशयास्पद समजावें.

१९९० पासून रोजगार हमीशीं जोडलेल्या फळबाग योजनेमुळें कोकणांत हापूस व काजू यांची लागवड फार वाढली. कित्येक सड्यांवर कातळ फोडून, खड्ड्यांत बाहेरची माती भरून कलमें लावलीं गेलीं. उत्पन्न वाढलें हें खरें; परंतु तेवढ्यानें रान परत आलें असें होत नाहीं, कारण तेथें रान नव्हतेंच. फुटलेल्या कातळाबरोबर त्यावरील पुरावाहि नाहींसा होतो. मग त्या भूमीचें पूर्वरूप सांगण्यास कागदच उरतात. यास्तव संग्राहकांनीं दप्तरांच्या याद्या करतांना वृक्षनामें, मिति व स्थळ यांसह, स्वतंत्र टिपून ठेवावीं, अशी आमची विनंति आहे.