बंद कपाटातील शेरा

सहकाऱ्यांचा विश्वास कसा संपादन करावा, याविषयी प्रशिक्षण-वर्गांतून आम्ही पुष्कळ ऐकले आहे. तो कसा गमावला जातो, हे मात्र आम्ही आमच्या खोलीतील एका लोखंडी कपाटापाशी शिकलो. शिक्षकांचे गोपनीय अहवाल, म्हणजे येथील माळव्यातील दप्तरी बोलीत 'सी. आर.', त्यात ठेवलेले असत आणि किल्ली आमच्या खिशात असे.

आमच्याकडे गणित शिकविणाऱ्या एक बाई आहेत. दहावीचे वर्ग, जादा तास, परीक्षेच्या दिवसांतील धावपळ, सारे त्यांच्यावर. एका स्नेहसंमेलनात आम्ही त्यांना 'शाळेचा आधारस्तंभ' म्हटले. पालकांनी टाळ्या वाजविल्या. त्याच वर्षीच्या अहवालात आम्ही त्यांना 'ख', म्हणजे 'चांगले', ही श्रेणी दिली. मनात आकस नव्हता. सरसकट 'ख' दिले की वरून कोणी कारण विचारीत नाही, ही जुनी सोय आम्ही पत्करली होती, इतकेच. शिवाय 'चांगले' म्हणण्यात वाईट ते काय?

काय वाईट, ते सीमा रस्ते संघटनेतील अभियंते देव दत्त यांना विचारावे. त्यांच्या अहवालात एका वर्षी 'चांगला' असा शेरा होता आणि बढतीसाठी 'फार चांगला' हवा होता. केवळ प्रतिकूल शेरेच कळविण्याची तोवरची रीत. त्यामुळे हा शेरा त्यांना कळविलाच गेला नव्हता. शेरा कोणताही असो, तो संबंधितास कळविलाच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या खटल्यात २००८ साली दिला.

या निर्णयानंतरचीच आमची गोष्ट. अहवालाची प्रत बाईंच्या हाती पडली. त्या खोलीत आल्या, कागद टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, गॅदरिंगमध्ये बोललात ते खरं, की हे?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते.

पुढे शिक्षकदालनात आम्ही शिरताच बोलणे थांबू लागले. कोणी उद्धटपणा केला नाही, कामेही होत राहिली. पण अडचण घेऊन आमच्याकडे येणे बंद झाले. एका वर्गातील वह्या महिनाभर तपासल्या गेल्या नव्हत्या, हे आम्हांला पालकांकडून कळावे, यापरते दुसरे काय सांगावे?

बाईंनी रीतसर निवेदन दिले. आमचा अभिप्राय मागविण्यात आला, तेव्हा मूळ श्रेणी विचार न करता दिली होती, असे आम्ही लेखी कळविले. वरिष्ठांपुढे ही कबुली देणे जिवावर आले होते, हे लपवीत नाही. श्रेणी सुधारली. शिक्षकदालन सुधारायला दोन वर्षे लागली.

तेव्हापासून ज्याच्याविषयी जे लिहावयाचे, ते त्याला समोर बसवून आधी सांगतो, आणि तेही दिवाळीनंतर लगेच. म्हणजे उणीव भरून काढावयास अवधी उरतो. एका गृहस्थांनी 'उशिरा येतात' या वाक्यावर तासभर वाद घातला आणि हजेरीपटावरील आमच्याच सह्यांच्या वेळा दाखविल्या. त्यांतील दोन दिवस आम्हांला मान्य करावे लागले. (आमच्या घरच्या मंडळींनी हा परिच्छेद वगळावा.)

बाई यंदाही आल्या. मसुदा आम्ही वाचून दाखविला. त्यांना तो पटला. तरी त्याची झेरॉक्स घेतल्यावाचून त्या खोलीबाहेर गेल्या नाहीत.